कुंपणाच्या पाल्याचा विक्रम

३ फेब्रुवारी
प्रयोगशाळेतला मिक्सर अखेर जळाला! सर म्हणाले, "नवीन पुढच्या वर्षी. तोवर पाला घरून वाटून आण." म्हणजे आता माझी पीएचडी आईच्या मिक्सरवर. आई खूश. "एवढंच ना? आण इकडे."

७ फेब्रुवारी
कमाल झाली! कुंपणाचा पाला, शेळीही तोंड लावत नाही असा – आणि त्याच्या अर्काचे दोन थेंब टाकले तर जांभळं द्रावण झटक्यात पिवळं! जितकं पिवळं, तितकी अँटिऑक्सिडंट ताकद जास्त. गेल्या महिन्यापर्यंत हाच पाला ढिम्म होता. जुना मिक्सर तापायचा, त्याने पाला मरायचा – इति सर. नाचायचेच बाकी होते. "मी म्हणत नव्हतो?" कधी म्हणत होते, देव जाणे.

१२ फेब्रुवारी
सरांनी नामकरण केलं – 'तारुण्यवेल'. वेल नाहीये ते, झुडूप आहे. पण सांगणार कोण! पुढच्या महिन्यात परिषदेत निबंध वाचायचा. वाचणार मी, नाव आधी त्यांचं. अर्थातच.

१८ फेब्रुवारी
शेजारच्या टेबलावरचा शंकासुर! सरांचाच विद्यार्थी, माझ्याबरोबरचा. नको तिथे नाक खुपसतो. त्याच झुडपाचा पाला स्वतः खलात कुटून त्याने प्रयोग केला. जांभळं ते जांभळंच. मला म्हणतो, "आईंना एकदा विचार ना, वाटतात कसं." घ्या! आता माझ्या आईची तोंडी परीक्षा घेणार हा! सगळ्यांसमोर म्हटलं, "आधी हात धुऊन ये, मग प्रयोग कर." सगळे खो खो हसले. मजा आली, खोटं कशाला बोलू.

२१ फेब्रुवारी
शंकासुराने सरांनाही तेच ऐकवलं. सरांचा पारा चढला. "माझ्या हाताखाली जळकुटे नकोत. दुसरा मार्गदर्शक शोध!" तीन वर्षांचं काम पाण्यात. मान खाली घालून टेबल आवरत होता. वाईट वाटलं जरा. पण आगाऊपणा सांगितला होता कोणी?

२३ फेब्रुवारी
सुट्टी. आई पाला वाटत होती, मी पहिल्यांदाच जवळ उभी. तिने लिंबू कापलं आणि अख्खं पिळलं मिक्सरच्या भांड्यात!
"आई! हे काय?"
"अगं, नाहीतर काळा पडतो पाला. रोजच घालते की. तुझं सरांसमोर चांगलं दिसायला नको?"
लिंबू!! जांभळ्याचं पिवळं करायला नुसतं क जीवनसत्त्व पुरतं – हे मीच पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवते. गाढव कुठली!
शंकासुराला फोन लावला. सगळं सांगितलं, माफी मागितली. हसला असता तर बरं झालं असतं. "सरांना सांगशील?" एवढंच विचारलं त्याने.

२४ फेब्रुवारी
सरांना सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. मग अगदी गोड आवाजात – "आईंना म्हणावं, लिंबू चालू ठेवा."
बाहेर आले आणि परिषदेला कळवून टाकलं: निबंध मागे घेते. कारणासकट. सरांना अजून पत्ता नाही.