गौरीच्या दिवसाचं दुसरं कमळ

आई, आज हौदात सहा कळ्या आहेत. सकाळी चहाचा कप घेऊन रहाटाच्या चौथऱ्यावर बसले आणि दोनदा मोजल्या, कारण तुमच्या खोडी माझ्या अंगात शिरल्या आहेत. रहाट केव्हाच गेला, विहिरीवर पंप आला त्यालाही पिढी लोटली, पण वटारच्या आपल्या वाडीत तो जुना हौद अजून आहे आणि त्यात माझ्या माहेरचं कमळ आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कमळाला खत घालायचा दिवस आला की मी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलत असते. आज म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी गास गावाहून तुमच्या घरी सून म्हणून आले. पहिल्या माहेरपणाहून परतताना तळ्यातला कमळाचा कंद चिखलासकट दुधाच्या डब्यात घालून आणला. तुम्ही डब्यात डोकावलात आणि विचारलंत, "हे पोटाला लागतं काय?" मी नाही म्हटलं. "मग वाडीत जागा नाय. त्या हौदात टाक, तसाही रिकामाच हाय." मला ते फार झोंबलं. केळी, पानवेल, मोगरा, तुमच्या वाडीत एकूण एक झाड कमावतं होतं; बिनकामाचं एक माझं कमळ आणि दुसरी मी, असं तेव्हा वाटायचं. गौरी-गणपतीपर्यंत याला फूल आणून दाखवीनच, असं मी मनाशी धरून बसले.

खत कशाला म्हणतात ते या घरात येऊन पाहिलंच होतं. केळीच्या बुंध्याशी सुक्या मासळीचं खत पडायचं आणि घड असे लोंबायचे की झाडाला टेकू द्यावा लागे. तेच मी कमळाला घातलं, सरळ पाण्यात. दोन दिवसांत पाणी हिरवंगार झालं, मग डासांसाठी सोडलेले गप्पी मासे पोटं वर करून तरंगायला लागले, आणि नेमके वन्संना बघायला पाहुणे आले त्या दिवशी पडवीत बसवेना. कपबशी हातात धरून पाहुणे एकमेकांकडे बघत होते. मी दाराआड उभी, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तुम्ही मात्र शांतपणे म्हणालात, "हौदात खत मीच टाकलं. वय झालं, हात सुटतो." मुलाचे वडील हसले. "सुटू द्या की. आमच्याकडे पण केळीच हायत, या वासावर तर आमी वाढलो." वन्संचं लग्न तिथेच ठरलं.

पाहुणे गेल्यावर तुम्ही मला हौदापाशी नेलंत. "किती टाकलंस गो?" मी म्हणाले, "दोन मुठी." तुम्ही माझ्यावर उखडलात. "म्हशीला औषध द्यायचं तर ते पाण्याच्या टोपात ओततेस काय? पिठाच्या गोळ्यात घालून तोंडात भरवतात ना? मग यालाही तसंच भरव." आपण दोघींनी बादल्यांनी हौद उपसला. कंद जिवंत होता. तुम्ही बावखलाच्या, वाडीमागच्या तळ्याच्या, काठची चिकणमाती आणलीत, एरंडीची पेंड कुटलीत आणि म्हणालात, "दोन मुठीत एवढं नासलं, म्हणजे याचं पोट लहान. चिमूटभर पुरे." लिंबाएवढे गोळे सावलीत सुकवायचे, बांगड्या वर सारून कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचा, आणि कोंबाला धक्का न लावता वीतभर लांब चिखलात गोळा दाबायचा. पानं पाण्यावर लोळतात तोवर काही द्यायचं नाही. उभी पानं आली की दर अमावास्येला एकदा, आणि दिवाळीनंतर उपास. हे सगळे नियम तुमचे. पोटाला न लागणारं ते झाड बघता बघता तुमचंच झालं. मला थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू, पण सुख त्याहून जास्त वाटलं. त्या काठावर बसलं की तुम्ही मला तुमच्या माहेरच्या गोष्टी सांगायचात, ज्या घरात कधी सांगितल्या नाहीत.

फूल मात्र गौरीच्या दिवशी एकच असायचं. तुम्हाला दोन हवी होती, एक गणपतीला, एक गौरीला. "मायलेकात दुजाभाव नको," म्हणायचात. मग ते एकुलतं एक गणपतीपुढे ठेवून गौरीला हळूच सांगायचात, "पोराला मिळालं की आईला पोचलं." एकदा मी पेंड वाढवूया म्हणाले, तर तुम्ही माझा हात धरलात. "नको गो, परत नासेल. माझ्या हाताला जोडी नाय, एवढंच." अकरा वर्षं हे मी ऐकलं आणि दर वेळी मान खाली घालून माती मळत राहिले.

तुम्ही गेलात, तुमचं वर्षश्राद्ध झालं, आणि त्या पावसाळ्यात मी गोळ्यांत मुठीने पेंड भरली. गौरीला चार फुलं उमलली. एक गणपतीला, एक गौरीला, एक तुमच्या फोटोला. चौथं तोडायला हात घातला, पण रडू आवरेना, म्हणून ते पाण्यातच राहू दिलं.

आज अमावास्या. नवी सून माझ्याबरोबर गोळे वळायला बसली. वासाची गोष्ट या घरात सगळ्यांना पाठ आहे. तिने हसत विचारलं, "आई, तेव्हा तुम्ही टाकलं तरी किती होतं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन मुठी." ती बिचारी लगेच चिमटीने पेंड घ्यायला लागली. मग मात्र मी तिचा हात धरला आणि खरं ते सांगून टाकलं. ती इतकी हसली की हातातला गोळा हौदात पडला. एवढंच तर होतं. तुम्हीही हसला असता, किंवा चार शब्द सुनावले असते, आणि पुढच्या गौरीला तुमच्या हातात जोडी असती. हा कागद कुठे धाडायचा नाही, तुमच्या फोटोमागे सरकवून ठेवते. दोन मुठी नव्हत्या, आई. घमेलं होतं, काठोकाठ भरलेलं.