भांडता येईल इतक्याच वेगानं

दादा,

हृदयाच्या ऑपरेशननंतर व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, बोलता येईल इतक्याच वेगानं चाला." एकटा काय बोलणार? मग आपला अबोला तसाच ठेवून तुझ्याशीच मोठ्यानं भांडत चालू लागलो. सुरुवातीला "आईचं शिवणयंत्र" एवढ्यावरच दम संपायचा. पुढे सिगारेट सुटली, तळण सुटलं, तू काही सुटला नाहीस.

आज जिना चढताना "आईचं शिवणयंत्र मला न विचारता विकलंसच कसं?" हे एका दमात म्हणून झालं आणि बघतो तर समोर घराचं दार. धाप नाही की काही नाही. पायरीवर बसून इतका हसलो की सूनबाई पाणी घेऊन धावली.

हे पत्र मात्र टाकणार नाही. वाचलंस तर लगेच फोन करशील, भांडण मिटेल, आणि उद्यापासून मी चालू कोणाबरोबर?

तुझा धडधाकट
धाकटा