अक्कावर ठेवलेल्या नजरेचा अहवाल

आळंद,
मंगळवार

तीर्थस्वरूप शरणप्पा मामा यांस,

आळंदहून तुमच्या भाचीचे, ज्योत्स्नाचे, वाकून शरणु शरणार्थी. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. (अप्पांना परवापासून खोकला आहे, त्यामुळे ‘सगळे’ हा शब्द पूर्ण खरा नाही. पण नव्या तुरीची धूळ अडतीत उडायला लागली की तो दर वर्षी येतो आणि संक्रांतीनंतर आपसूक जातो, म्हणून त्याला आजार म्हणावं की हंगाम, हे मला ठरवता आलेलं नाही.) तुमची कंबर कशी आहे? दिवसभर वाकून मोटारींना तार गुंडाळायची आणि वर कंबरेला पट्टा बांधायचा नाही, हे बरं नव्हे, असं आईने लिहायला सांगितलं आहे. मल्लेश्वरी मामींच्या गुडघ्याला ते तेल लागू पडलं का, हेही कळवावं.

तुम्ही दिलेलं काम पुरं करून मी शनिवारी परत आले. दिवाळीत बीदरला, मैलूरच्या दुकानात मला स्टुलावर बसवून तुम्ही जे म्हणालात ते मी त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवलं होतं, म्हणजे पुढे वाद नको. तुम्ही म्हणालात, “ज्योती, ही पोरगी महिन्यात चार देश फिरायलीय. खाती काय, झोपती कुठं, तिथं तिला कोण वळखतंय, आपल्याला काय म्हाईत? बीदरच्या दवाखान्यात चांगली जागा मिळायलीय तर न्हाई म्हणायलीय. तू संगं जाऊन ये. तू कधी खोटं लिवत न्हाईस. तू लिवशील तसं ठरवू.” आणि सुधारानी अक्का दाराला टेकून शेंगा खात म्हणाली, “ठरलं. ज्योतीनं नको म्हणलं तर मी एक तारखेपासून बीदरात.” तुम्ही दोघं बापलेक हसलात. माझं मात्र तेव्हापासून जेवणावर लक्ष नाही, कारण दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करत फिरायची अक्काची सगळी नोकरी तुम्ही माझ्या एका पत्रावर ठेवलीत. मी शाळेच्या घंटेला भ्यायची म्हणून तिसरीपर्यंत तुमच्याकडे ठेवून तुम्ही मला दुकानातच शिकवलंत, आणि पहिला धडा दिलात तो हा, की पाहिलं तेवढंच लिहायचं, ऐकलेलं लिहायचं नाही. म्हणून खाली जे आहे ते सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. जे डोळे मिटून झालं (विमान उडताना आणि उतरताना) ते सोडून दिलं आहे.

आधी त्या सोनेरी कार्डाविषयी, कारण तुमचा राग मुख्यतः त्याच्यावर आहे. मामींच्या भिशीतल्या बायकांनी त्यात सोनं किती असं विचारलं होतं. मी हातात घेऊन पाहिलं, प्लास्टिक आहे. वर्षात ठरावीक फेऱ्या झाल्या की विमान कंपनी ते देते आणि पुढच्या वर्षी फेऱ्या कमी पडल्या की काढून घेते. सत्ताविसाव्या वर्षी ते मिळालेली अक्काच्या ऑफिसात ती एकटीच आहे. माझं क्वालालंपूरचं तिकीटही त्या कार्डावरच सोबतीचं म्हणून फुकट आलं. (म्हणजे अक्कावर नजर ठेवायला मी गेले ते अक्काच्याच तिकिटावर. हे मला प्रवासभर टोचत राहिलं.) हैदराबादला विमानतळावर या कार्डवाल्यांची रांग वेगळी असते, तिथे सतरंजी अंथरलेली असते आणि माणसं दोनच असतात. माझ्याकडे कार्ड नाही, म्हणून मी मुकाट्याने मोठ्या रांगेत जाऊन उभी राहिले. पंचवीस मिनिटांनी अक्का शोधत आली आणि म्हणाली, “तू माझ्या संगं हायस, चल की.” मी म्हटलं, पण माझ्या मागच्या बाईंना मी ‘मीही तुमच्यासारखीच’ असं सांगून बसले आहे. अक्काने त्या बाईंची माझ्या वतीने माफी मागितली तेव्हा मी हलले.

पुढे पासपोर्टवर शिक्का मारणारे साहेब बसतात, तिथे जे झालं ते लिहायला नको वाटतं, पण लिहिते. अक्का शेजारच्या खिडकीतून पार झाली होती. माझ्या खिडकीतले साहेब हैदराबादचेच असावेत. त्यांनी विचारलं, “कायकू जारे?” मामा, अक्काने मला शिकवून ठेवलं होतं की फिरायला चाललेय म्हणायचं. पण मी फिरायला चालले नव्हते. सरकारी माणसासमोर खोटं कसं बोलायचं? मी म्हटलं, “बहन पो नजर रखने कू.” साहेबांनी मान वर केली. “किसने भेजा?” मी म्हटलं, मामाने. “मामा क्या करते?” मी म्हटलं, ते बीदरमध्ये बसून सगळ्याचा अहवाल मागवतात. (मोटार वाइंडिंग करतात असं सांगायला हवं होतं, पण त्या वेळी मला अहवालच आठवला.) साहेबांनी शिक्का खाली ठेवला आणि मला बाजूच्या खुर्चीवर बसवलं. तिथे आणखी एक मोठे साहेब आले. मी आतल्या आत बसवण्णांचं नाव घेत होते आणि विमान चुकलं तर तिकिटाची भरपाई मी कशी करणार याचा विचार करत होते.

अक्का परत आली. ती घाबरली नाही, हसली नाही, मोठ्या साहेबांशी तेलुगूत बोलली. दुकानात औरादकडचे तेलुगू शेतकरी पंप घेऊन येत, त्यांच्याशी बोलून ती तेलुगू शिकली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. साहेबांनी तिला विचारलं, ही तुमच्यावर पाळत ठेवते हे तुम्हाला माहीत आहे का? अक्का म्हणाली, हो, तिचं तिकीट मीच काढलं. मग त्यांनी अक्काचा पासपोर्ट मागितला. तो एक नाही, मामा, जुना आणि नवा असे दोन एकत्र बांधलेले आहेत. साहेब एकेक पान उलटत गेले. दोहा, नैरोबी, कोलंबो, मस्कत, पुन्हा नैरोबी. शिक्क्यांवर शिक्के पडून काही पानांवर अंगठा ठेवायला जागा नाही. उलटता उलटता त्यांचा चेहरा सैल झाला. माझा पासपोर्ट अगदी कोरा, पहिला शिक्का त्यांनी जरा जपून मारला आणि म्हणाले, “मामा कू अच्छा लिखो.” म्हणून हे वाक्य इथे घेतलं आहे. ते माझं मत नाही, साहेबांचं आहे.

त्यानंतर लाउंज. कार्डवाल्यांना आणि त्यांच्या एका सोबत्याला विमान येईपर्यंत बसायला आणि जेवायला तिथे मोकळीक असते. मी दारातल्या मुलीला पैसे विचारले, ती म्हणाली काही नाही. दोसा, उपमा, फळं, तीन प्रकारची चटणी, आणि पैसे काही नाहीत. मामा, आपल्या घरच्यांनी फुकट जेवण एकाच ठिकाणी पाहिलेलं, मठातल्या दासोहात. तिथला नियम तुम्हीच घालून दिलात, की जेवायचं ते जेवायचं, पण उठताना आपलं ताट आपण उचलायचं आणि पुढच्या पंगतीला वाढून मगच घरी यायचं. नाहीतर अन्न अंगी लागत नाही. तेव्हा मी माझी थाळी उचलली, शेजारच्या टेबलावरच्याही उचलल्या आणि नळ शोधत आतल्या दारातून गेले. आतली मुलं बघतच राहिली. बाहेर आले तर एका कोटवाल्या गृहस्थांनी मला कप दाखवून कॉफी मागितली, दोन चमचे साखर. मी नेऊन दिली. त्यांनी पेपर मागितला, तोही दिला. त्यांच्या शेजारच्या आजींना मी उपमा वाढला आणि आग्रहही केला.

एवढ्यात तिथले मॅनेजर आले. त्यांना वाटलं, मी अस्वच्छतेची तक्रार म्हणून हे करते आहे. त्यांनी हात जोडले, मी त्याहून खाली वाकून जोडले. त्यांनी चॉकलेटचा डबा आणला, मी घेईना. कोटवाल्या गृहस्थांनी मला अक्काशेजारी बसताना पाहिलं आणि पेपर तोंडापुढे धरला तो विमान लागेपर्यंत काढला नाही. मी अक्काला म्हटलं, माझ्यामुळे तुझं कार्ड जाईल. अक्का म्हणाली, “कामून जाईल? ताट उचलल्यानं कुणाचं काय गेलंय?” आणि तिने स्वतःची थाळी उचलून आत नेऊन ठेवली. सोनेरी कार्डवाल्या माणसाला आत जाताना पाहून त्या मुलांची आणखी धांदल उडाली. थाळीत काय होतं हेही तुम्ही विचारलं आहे. एवढे पदार्थ मांडलेले असताना तिने पिशवीतून मामींची कडक भाकरी काढली होती, आणि शेंगाचटणीबरोबर खाल्ली. दही तेवढं लाउंजचं. तेव्हा ‘खाती काय’ याचं उत्तर मामींना द्यावं. ‘झोपती कुठं’ याचं उत्तर, खुर्चीत, तोंड उघडं टाकून, विमान हलायच्या आधी. उठवल्यावर लगेच जागी होते आणि आपण कोणत्या देशात आहोत हे विचारत नाही.

क्वालालंपूरला उतरल्यावर पट्ट्यावर सामान येतं. शेकडो पेट्यांमध्ये अक्काची पेटी पहिली आली, कारण कार्डवाल्यांच्या पेट्यांना वेगळी चिठ्ठी असते. मी म्हटलं, हीच ती मिजास, मामा म्हणतात ती. अक्का म्हणाली, “ज्योती, त्या पेटीत माझी हत्यारं हायत. स्क्रू-ड्रायव्हर विमानात हातात घेऊ देत न्हाईत. पेटी तासभर उशिरा आली की तिकडं मशीनखाली बसायचं माणूस तासभर थांबतंय.” मी पुढे होऊन पेटी पट्ट्यावरून उचलली.

दुसऱ्या दिवशी तिने मला दवाखान्यात नेलं. किडनी काम करत नाही त्यांचं रक्त धुणारी बारा यंत्रं एका खोलीत ओळीने होती आणि त्यातलं एक बंद. त्याच्यापुढे एक म्हाताऱ्या बाई डोक्याला रुमाल बांधून बसल्या होत्या. अक्का दारातून येताच त्या म्हणाल्या, “रानी.” बाकीचं मला समजलं नाही, पण त्यांनी पिशवीतून केसाळ लाल फळं काढून आम्हा दोघींच्या हातात दिली, म्हणजे अक्का येणार हे त्यांना माहीत होतं. अक्काने लॅपटॉप जोडला, आकडे पाहिले, मान हलवली. मग लॅपटॉप बाजूला सारून ती फरशीवर बसली. मामा, तिने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राच्या पत्र्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. तुम्ही पंपाचं बेअरिंग ऐकता तसं, अगदी तसंच, डावा खांदा तसाच वर. मग ती म्हणाली, “पंप रडायलाय,” आणि कामाला लागली. दोन तासांनी त्या बाई यंत्राला जोडल्या गेल्या आणि झोपी गेल्या. तिथे तिला कोण वळखतंय, असं तुम्ही विचारलं होतं. मी बसले होते तेवढ्या वेळात नऊ जणांनी तिला नावाने हाक मारली. दोन नर्सेसनी भाकरी मागितली. त्यांना ती मोडून द्यावी लागली, कारण शेवटची होती.

बीदरची जागा चांगलीच आहे, ते मी नाकारत नाही. तिथेही यंत्रं आहेत आणि माणसं आहेत. पण तुम्ही मला अक्का कशी आहे ते विचारलंत. मी चार दिवस अक्काला कुठेही हरवलेली पाहिली नाही. हरवत होते ती मीच, आणि दर वेळी ती मागे वळून पाहत होती. माझ्या मते तिला उडू द्यावं. हे मी नीट विचार करून, आणि अक्का समोर नसताना लिहीत आहे.

मामींना शरणु. कंबरेला पट्टा बांधावा.

तुमची आज्ञाधारक,
ज्योत्स्ना

ता. क. लाउंजमध्ये मी सहा थाळ्या उचलल्या. त्यातली एक रिकामी नव्हती. तिचे मालक हात धुवायला गेले होते. हे वर लिहायचं राहिलं.

ता. क. २ : पाठीमागे लिहिणं बरं नव्हे म्हणून पत्र अक्काला फोनवर वाचून दाखवलं. तोंड उघडं टाकण्याचं वाक्य काढ म्हणाली. पाहिलेलं आहे, म्हणून ठेवलं आहे.

ता. क. ३ : एकाच फेरीवरून निष्कर्ष काढू नये, एक मोटार चालली म्हणून सगळ्या तारा तपासल्या असं होत नाही, हेही तुमचंच शिकवणं. अक्का फेब्रुवारीत नैरोबीला चालली आहे आणि सोबतीचं एक तिकीट अजून शिल्लक आहे. चौकशी अपुरी राहिली, ज्योत्स्नाला पुन्हा पाठवावं लागेल, असं तुम्ही अप्पांना दोन ओळींत कळवलंत तर बरं होईल. परत आल्याबरोबर माझा पासपोर्ट त्यांनी अडतीतल्या कपाटात, तराजूच्या वजनांमागे ठेवून कुलूप लावलं आहे. आफ्रिकेचं नाव काढलं की ते चिडतात, कारण तिकडची तूर आली की इकडचा भाव पडतो. “दुश्मनाच्या रानात कामून जायलीस?” म्हणाले. तिकडे जाताना घ्यावी लागणारी लस मी मात्र घेऊन ठेवली आहे. ती जन्मभर चालते म्हणतात, वाया जायला नको.

ता. क. ४ : वरची ता. क. लिहून झाल्यापासून चैन पडेना. चौकशी पुरी झालेली आहे. मलाच जायचं आहे, मामा. अक्कासोबत, आणि पुढे कधीतरी अक्काशिवायही. त्या साहेबांनी जपून मारलेला शिक्का एकटाच आहे, त्याला सोबत हवी असं मला सारखं वाटतं. तेव्हा अप्पांना हेच खरं कारण सांगावं आणि पासपोर्ट माझ्या हाती द्यायला लावावा. तुमचा शब्द ते मोडत नाहीत.

मोडलाच, तर तिसरी ता. क. मी खोडलेली नाही.