लाल शाईची दौत

गुरुजी, तुम्ही आज असता तर शंभरी ओलांडली असती, आणि मीही ऐंशीच्या पुढे आलोय. तरी तुम्हाला लिहायला बसलो की मी वडनेरच्या शाळेत नुकताच रुजू झालेला एकवीस वर्षांचा मास्तर असतो आणि तुम्ही माझे हेडमास्तर. महाराष्ट्र नवा होता, शाळेचे पत्रे नवे होते, आणि कविता शिकवायची तुमची रीत तर मी पुढे कुठेच पाहिली नाही. डस्टरच्या लाकडी पाठीनं टेबलावर भराभर ठोके द्यायचे आणि एकदम थांबायचं. त्या शांततेत वर्गानं एक ओळ म्हणायची. पुन्हा ठोके, पुन्हा ओळ. "ओळ ठोक्यात नाही राहत, दोन ठोक्यांच्या मधात राहते," असं तुम्ही म्हणायचात.

आणि काही दिवस असे यायचे की तुमचा हात डस्टरपर्यंत पोचायचाच नाही. छातीत धडधड, घास उतरत नाही, वर्गाच्या दारात पाय अडतो. गाव म्हणायचं, बाहेरचं लागलंय. तुम्ही मात्र रजा टाकली नाहीत. मुलांमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसायचात आणि सरळ सांगायचात, "आज मीबी विद्यार्थी. मास्तर, चालू द्या." एवढं धैर्य मी कुणात पाहिलं नाही. एकदा तुमच्या स्वयंपाकघरात चहा पिताना मी शहाणपणानं म्हणालो, "गुरुजी, मन घट्ट करा." तुम्ही कप खाली ठेवलात. "मन काय घोंगडं हाय का बे, घट्ट गुंडाळाले?" चुलीपाशी बसलेल्या काकू म्हणाल्या, "जाऊ द्या न. लगन नाही झालं त्याचं, त्याले काय माहीत धडधड काय असते."

आता माहीत झालं. बायको गेल्यावर तेच दुखणं माझ्या उंबऱ्यात येऊन बसलं. गोळ्यांनी हटेना. शहरातल्या डॉक्टरीणबाई आपल्याकडच्या, सोनाळा गावच्याच. त्या म्हणाल्या, "आजोबा, उदासी अन् चिंता दोन्ही आहे. चुंबकाचा उपचार करून पाहू. भूल नाही, चिरफाड नाही. बाहेरूनच आम्ही डोक्याले चुंबक टेकवतो. काही आठवडे रोज यावं लागंल, अन् गुण येईलच असं वचन नाही देत." मुलाला मी गुडघ्याचं कारण सांगितलं आणि गेलो. खुर्चीत बसवलं, आठाच्या आकड्यासारखं यंत्र कपाळाच्या डाव्या अंगाला टेकवलं, आणि सुतारपक्षी खोडावर तुटून पडावा तसे ठोके सुरू झाले. मी घाबरून उठलो आणि थेट एस.टी. स्टँड गाठला. बाईंचा फोन आला, "उद्या कुणाले तरी संग आणा. एकट्यानं भेव वाटते."

तुम्हीही मला हेच म्हणाला होतात. नागपूरच्या मनाच्या आजारांच्या मोठ्या दवाखान्यात जायचं होतं, नांदुऱ्याहून गाडी होती. "येशील संग? एकट्याले गाडीत भेव वाटते." मी म्हणालो, सहामाहीचे पेपर तपासायचे राहिलेत. तुम्ही "बरं" म्हणालात आणि एकटे गेलात. पंधरा दिवसांनी परत आलात. पुरते बरे झाला नव्हतात, पण दुसऱ्याच दिवशी डस्टर हातात होतं. माझ्यासाठी लाल शाईची दौत आणली होतीत. "पेपर तपासून तपासून तुही शाई संपली असंल."

बाईंच्या फोननंतर मी मुलाला खरं सांगितलं. तो म्हणाला, "दुकान बंद ठेवतो, बाबा." काऊन, कशाले, काही विचारलं नाही. आता रोज तो माझ्या शेजारी स्टुलावर बसतो. ठोके पडतात, थांबतात, आणि मधल्या शांततेत मी कवितेची एक ओळ म्हणतो. परवा बाईंनी विचारलं, "आजोबा, ओठ हलून राह्यले, दुखते का?" मी म्हणालो, "नाही बाई, वर्ग भरलाय." झोप अजून तुटक आहे, पण काल भाकरीला भाकरीची चव लागली.

तुमची दौत माझ्या कपाटात आहे. मी ती कधी उघडली नाही. शाई आत वाळून काळी पडलीय. हा कागद तिच्याच खाली ठेवतो. तुमच्यासोबत त्या दवाखान्याच्या दारात कुणी पाहिलं तर मलाही वेड्यात काढतील, याची मला भीती वाटली होती. पेपर दोन दिवस आधीच तपासून झाले होते, गुरुजी.