गुलाबचंदची ट्यूब

१२ नोव्हेंबर २००९, गुरुवार
पोळ्यापासून एक अक्षर लिहिलं नाही. वही, माफ कर. आज लिहायला कारण मिळालं. शेजारच्या गुलाबचंदच्या तारेच्या कुंपणाने माझी पोटरी ओरबाडली. वीतभर ओरखडा, रक्त तीन थेंब. मी तिथे काय करत होतो, हा प्रश्न गौण. (टेपने मोजत होतो. दरवर्षी ते कुंपण माझ्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यात बोटभर सरकतं.) पुढच्या गुरुवारी तंटामुक्ती समितीची बैठक. सगळ्या गावासमोर त्याला हात जोडायला लावणार. हा सूड नाही, न्याय आहे. थोडा सूड.

संध्याकाळी
गुलाबचंदची बायको दुलारी मलमाची ट्यूब घेऊन आली. "लावा जी भाऊजी, घरचीच आहे." म्हणजे गुन्हा कबूल. ट्यूब ठेवून घेतली.
माझ्या बायकोने, रविताने, आरोग्य उपकेंद्रात नेलं. गीताबाई सिस्टरने धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. म्हणाली, साबण-पाण्याने धुवा, पातळ थर द्या, दिवसातून दोनदा पुरे, वर स्वच्छ पट्टी. ट्यूबचं तोंड जखमेले लावू नका. खाज सुटली तर बंद करून मले दाखवा. मी बी.एस्सी. आहे, शाळेत विज्ञान शिकवतो, हे तिला सांगितलं.

१३ नोव्हेंबर
विचार केला. मलम लावलं नाही, तर जखम वाढेल आणि पुरावा भक्कम होईल. पण ते अप्रामाणिक. म्हणून इतकं लावायचं, की कुणी मला निष्काळजी म्हणू नये. दिवसातून सहा वेळा. शिवाय ट्यूब त्याची. दाबली की मनाला फार बरं वाटतं. आलेख-कागदावर तक्ता केला : वेळ, थराची जाडी.

१५ नोव्हेंबर
जखम भरत आली. वाईट वाटलं. बरं होण्याचं दुःख होणारा माणूस कसला, असं स्वतःला विचारलं. उत्तर आलं, ते लिहीत नाही. थर जाड केला.

१६ नोव्हेंबर, सोमवार
खाज! आजूबाजूला लाल! तारेच्या गंजाचं विष चढलं. गुलाबचंद, सापडलास. आठ वेळा लावलं. रविता म्हणाली, "पाय आहे का भिंत? काऊन एवढं लिपून राहिले?" गीताबाई म्हणाली ती खाज मलमाची. ही गंजाची. वेगळी.

१८ नोव्हेंबर
बारीक फोड. दृश्य उत्तम. आरशासमोर पँट वर करण्याचा सराव केला. लंगडणं प्रामाणिक ठरेल का? ठरवलं : जाताना नाही, फक्त येताना. गुलाबचंदने कुंपणावरून विचारलं, "पाय कसा आहे जी सर?" मनात म्हटलं, उद्या बघ.

१९ नोव्हेंबर, बैठकीहून आल्यावर
पँट वर केली. गाव हळहळलं. तक्ता सादर केला. अध्यक्ष हुकुमचंदजींनी मोठ्याने वाचला : "सोमवार, आठ वेळा, जाड थर." गीताबाई मागे बसली होती, ती उठून आली. ओरखड्याच्या जागी नुसती बारीक रेघ होती. लाली मात्र चौकोनी, मलम लावलं तेवढीच. "सर, तारेचं तं कवाच बरं झालं. हे तुम्ही लावून लावून आणलं. आता धुऊन टाका, बंद करा. मी काय सांगितलं होतं?" लोक हसले. हुकुमचंदजींनी विचारलं, कुंपणाजवळ करत काय होते? ते तक्त्यात नव्हतं. रविताने सांगून टाकलं, "मोजत होते."
गुलाबचंद हसला नाही. त्याच्या बोटाला चिंधी होती. धान कापताना विळा चाटून गेला, म्हणाला. मग हळूच, "सर, ट्यूब उरली का जी थोडी? घरात एकच होती."
शेवटचं मलम मी बैठकीला निघताना लावलं होतं.
गावासमोर हात जोडले गेले. माझे.

उद्या : गुलाबचंदसाठी नवी ट्यूब आणणे, मुदतीची तारीख बघून.