आवाज ठीक

मिस्त्री,

त्या सोमवारी सकाळी मी दोन नंबरच्या पंपाच्या बेअरिंगला तुमच्यासारखाच लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ कानाशी धरली आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो. बेअरिंग जायला लागलं होतं. ते ओळखायला तुम्हीच शिकवलं होतंत. चांगलं असलं की नुसतं घुमतं, बिघडलं की खरखरतं. पण ही खरखर वेगळी होती. खाली एक लांब सूर, आणि त्यावर दूरच्या देवळात कुणी टाळ वाजवत असावं तशी बारीक, थोडी चुकत जाणारी लय. मी वहीत लिहिलं, ‘आवाज ठीक’, आणि वही तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही चहाची बशी तोंडाला लावलेली. "तू ऐकलंस ना? मग मी काय परत ऐकू?" म्हणालात आणि सही केलीत.

त्या दिवसांत मला एक नवीन वेड लागलं होतं. बझरमधली कंप टिपणारी चकती काढून तिला वायर जोडायची, ती यंत्राला चिकटवून आतले आवाज रेकॉर्ड करायचे, आणि घरी कॉम्प्युटरवर ते ताणून, एकावर एक चढवून त्यांचं संगीत करायचं. आमच्या गावच्या शाळेत पेटीसुद्धा नव्हती. ऐकायला मी शिकलो ते सिन्नरच्या कारखान्यातल्या त्या शेडमध्ये, तुमच्या हाताखाली. त्या बेअरिंगचा आवाज रोज कसा बदलत जातो हे मला आठवडाभर रेकॉर्ड करायचं होतं. रविवारी सुट्टीत बदलून टाकू, असं मी मनाशी ठरवलेलं. शनिवारी तुमच्या पाळीत ते जाम झालं, शाफ्ट वाकला, दीड दिवस काम बंद पडलं.

साहेबांनी सगळ्यांसमोर वही उघडली. "मिस्त्री, ऐकू येतंय का अजून? का नुसत्या सह्या ठोकताय?" मागे कुणीतरी हसलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. "सही माझी हे, साहेब," एवढंच म्हणालात. मी हातातली तेलकट चिंधी पिळत उभा. पुढे निवृत्त होईपर्यंत तुम्ही कुठल्याच मशिनला कान लावला नाहीत. मी रोज देवापुढे दिवा लावताना माफी मागत राहिलो. देवाकडे मागणं सोपं होतं. तुमचं घर स्टँडपासून दहा मिनिटांवर होतं, तिथे मात्र मी तुम्ही असेपर्यंत गेलो नाही.

मागच्या महिन्यात नाशिकला एका छोट्या हॉलमध्ये मी ते रेकॉर्डिंग वाजवलं. तीस-चाळीस माणसं डोळे मिटून ऐकत होती. नंतर एका मुलीने विचारलं, "काका, हा आवाज कसला?" "एका जुन्या पंपाचा," मी म्हणालो. टाळ्या पडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज एकादशी. सकाळच्या एसटीने सिन्नरला तुमच्या घरी गेलो आणि काकूंना सगळं सांगितलं. त्या भगर निवडत होत्या. हात थांबला.

"त्या पंपानंतर भजनात टाळ धरायचं सोडलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, माझा ताल चुकत असंल, मलाच कळत नसंल. टीव्ही हा एवढा मोठा लावायचे. मी म्हणायची, अहो, लय मोठाय! तर म्हणायचे, तुला काय कळतंय, माझे कान गेलेत." मग माझ्याकडे बघून, "म्हंजी कान चांगले होते त्यांचे?"

"चांगले होते, काकू. त्या दिवशी त्यांनी ऐकलंच नव्हतं. माझ्यावर विसंबले होते."

"मग इतकी वर्षं कुठं होतास रे?"

मी भगरीतला एक खडा वेचून बाजूला ठेवला. त्या म्हणाल्या, "ऐकव मला." मी फोनवर लावून दिलं. फोन कानाशी धरून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. निघताना चहा घे म्हणाल्या नाहीत.

मिस्त्री, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढंही कबूल करतो. काकू ऐकताना रडत होत्या, आणि त्यांच्यासमोर बसून मला वाटत होतं, या फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचा तो लांब सूर ऐकूच येत नाहीये.