कोयता घरीच होता

२१ जानेवारी २०२६, बुधवार. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी हवालदाराने कमलची फाइल माझ्यासमोर मिटली. माझ्याकडे स्वयंपाकाला येणारी कमल दिवाळीनंतर शेवगावच्या बाजारातून बेपत्ता झाली, त्याला सात वर्षं झाली.

"बाई, ऊसतोडीला गेली असंल. कारखाना बंद झाला की येती माघारी."

पहिल्या दिवशीही हेच ऐकवलं होतं. आणि मी, शहाणी, हंगाम संपायची वाट पाहत सहा महिने गप्प बसले! इकडे बाई दिसेनाशी झाली की ती तोडीलाच गेली, असं सगळेच धरून चालतात.

माझ्यासोबत आलेली तिची आई म्हणाली, "सायेब, तिचा कोयता घरीच हाय. हातानं मोडती व्हय ऊस?"

हवालदार हसला. हसला! कोयता घरी. सात वर्षांत हे कुणीच कसं लिहून घेतलं नाही? मी तरी का विचारलं नाही?

"सात हंगाम झाले," मी म्हटलं, "कुठला ऊस इतका लांब असतो?"

आता अर्ज लिहिते आहे, कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी घोटून घेतलेल्या अक्षरात. आईचा जबाब घ्या. कोयत्याची नोंद करा. शोध का थांबवला, ते ३० जानेवारीला संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवा. ‘येती माघारी’ हे उत्तर मी पुन्हा घेणार नाही.